साथीच्या काळातील शाळा : पुणे शहराचे दोन अनुभव

१

साथीचा रोग आणि शाळा यांचा संबंध इतिहासलेखनात सहसा एका वाक्यात आटोपला जातो : अमुक साली साथ आली व शाळा बंद राहिल्या. बंद राहिल्या म्हणजे नेमके काय झाले, त्या कोणी बंद केल्या, पुन्हा कोणत्या विचाराने उघडल्या आणि उघडताना कोणता धोका कोणत्या धोक्याशी ताडून पाहिला, या प्रश्नांकडे अभ्यासकांचे लक्ष फारसे गेलेले नाही. पुणे शहराच्या बाबतीत हे दुर्लक्ष विशेष खटकते. शिक्षणसंस्थांचे शहर म्हणून पुण्याची ख्याती आहे. आणि सुमारे सव्वाशे वर्षांच्या अंतराने, प्रथम १८९७ पासूनच्या प्लेगमध्ये व नंतर २०२० पासूनच्या कोविडच्या साथीत, या शहराला विद्या आणि जीवित यांचा एकत्र हिशेब मांडावा लागला.

या दोन अनुभवांची तुलना करताना एक सावधगिरी आवश्यक आहे. दोन्ही रोगांचे स्वरूप भिन्न आहे. प्लेग उंदरांवरील पिसवांमुळे पसरणारा, तर कोविड श्वासावाटे पसरणारा रोग होय. १८९७ मध्ये शाळेत जाणाऱ्या मुलांची संख्या अत्यल्प होती. २०२० मध्ये शाळेबाहेरचे मूल हा अपवाद होता. तेव्हा एका साथीतील उपाय दुसरीला लागू करण्याचा येथे हेतू नाही. शाळा सुरू करणे सुरक्षित आहे काय, हा प्रश्न दोन्ही प्रसंगी कसा मांडला गेला आणि त्या मांडणीने उत्तराला कसे वळण लावले, एवढेच येथे पाहावयाचे आहे.

२

मुंबईत मांडवी भागात सप्टेंबर १८९६ मध्ये डॉ. अकासियो व्हिएगस यांनी प्लेगचे निदान केले. वर्ष संपण्याच्या सुमारास रोग पुण्यास पोहोचला. ४ फेब्रुवारी १८९७ रोजी साथरोग अधिनियम संमत झाला आणि त्याच महिन्यात वॉल्टर चार्ल्स रँड यांची पुण्याच्या प्लेग कमिटीवर नेमणूक झाली. १३ मार्चपासून गोऱ्या सैनिकांच्या तुकड्यांनी घरांची झडती, रुग्णांना इस्पितळात नेणे, त्यांच्या आप्तांना छावणीत वेगळे ठेवणे आणि घरांचे निर्जंतुकीकरण या गोष्टी आरंभिल्या. १९ मे रोजी ही मोहीम थांबली. २२ जून रोजी गणेशखिंड रस्त्यावर रँड यांच्यावर गोळी झाडण्यात आली व ३ जुलैला त्यांचा अंत झाला. हा इतिहास सर्वश्रुत आहे. प्रस्तुत विषयाच्या दृष्टीने त्यातील एकच गोष्ट महत्त्वाची : सरकारी उपायांचा केंद्रबिंदू घर हा होता. रोग घरात आहे, घरातून माणूस बाहेर काढला पाहिजे, अशी त्यामागची धारणा होती.

ही मोहीम सुरू होण्याच्या तीन दिवस आधी, १० मार्च १८९७ रोजी, सावित्रीबाई फुले यांचे प्लेगने निधन झाले. पुत्र डॉ. यशवंत यांच्या हडपसरनजीकच्या दवाखान्यात त्या रुग्णांची शुश्रूषा करीत होत्या. मुंढव्याच्या एका मुलाला उचलून आणताना त्यांना संसर्ग झाला. १८४८ मध्ये भिडे वाड्यात मुलींची शाळा चालविणाऱ्या या शिक्षिकेच्या मृत्यूचा उल्लेख येथे केवळ आदरापोटी केलेला नाही. शाळेच्या सुरक्षिततेचा विचार करताना मुलाच्या जीविताबरोबर शिकविणाऱ्याच्या जीविताचाही हिशेब मांडावा लागतो. साथीच्या काळात शिक्षकाला वर्गाबाहेरची कामे पत्करावी लागतात, आणि कित्येकदा मोठा धोका तेथेच असतो. हा मुद्दा पुढे २०२० मध्ये पुन्हा उपस्थित झाला.

त्या काळी रोगाचे ज्ञान किती होते? प्लेगचा जंतू १८९४ मध्ये हाँगकाँग येथे यर्सिन यांनी शोधला होता. तथापि उंदरावरील पिसू रोग पसरविते, हा पॉल-लुई सिमों यांचा १८९८ मधील कराची येथील निष्कर्ष सर्वमान्य होण्यास आणखी काही वर्षे जावी लागली. तोवर दमट हवा, काळोख्या खोल्या व घाण यांच्याकडे बोट दाखविले जात होते. लोकांनी मात्र अनुभवाने एक उपाय हेरला होता. गावात उंदीर मरू लागले की गाव सोडून माळावर झोपड्या घालून राहावयाचे, ही पद्धत पुढील काही वर्षांत पुण्यासह महाराष्ट्रातील अनेक गावांच्या अंगवळणी पडली. त्यामागील शास्त्रीय कारण झोपडीत राहणाऱ्याला ठाऊक नव्हते. परंतु उंदीर व पिसवा मागे सोडून जाणे हेच रोगापासून दूर जाणे होते. अपुऱ्या ज्ञानावर आधारलेला निर्णयही योग्य ठरू शकतो, याचे हे उत्तम उदाहरण म्हणता येईल.

३

शाळेच्या संदर्भात या उपायाचे सर्वांत बोलके उदाहरण अनाथ बालिकाश्रमाचे आहे. धोंडो केशव कर्वे यांनी १८९६ मध्ये ही संस्था स्थापन केली. विधवा मुलींना आश्रय व शिक्षण देणे हा तिचा उद्देश होता. शहरात आश्रम सुरू होतो न होतो तोच प्लेगची पुनरावृत्ती होऊ लागली. वसतिगृहाच्या स्वरूपाच्या संस्थेत एक रुग्ण निघाला तर सर्वांवर संकट ओढवणार, हे उघड होते. कर्व्यांपुढे वरवर पाहता दोन मार्ग होते. आश्रम बंद करून मुलींना आपापल्या घरी पाठविणे, किंवा धोका पत्करून तो शहरातच चालविणे.

पहिला मार्ग सुरक्षित दिसत असला तरी तो तसा होता काय? या मुली ज्या घरांतून आल्या होत्या, तेथे त्यांच्या वाट्याला सोवळ्या विधवेचे जिणे होते. एकदा परत गेलेली मुलगी साथ ओसरल्यावर पुन्हा येईलच, याची शाश्वती नव्हती. शिवाय ज्या गावी तिला पाठवावयाचे, तेथे प्लेग पोहोचणारच नाही असेही कोणी म्हणू शकत नव्हते. म्हणजे 'बंद' या मार्गाने रोगाचा धोका निश्चितपणे टळत नव्हता. शिक्षण मात्र निश्चितपणे सुटत होते.

कर्व्यांनी तिसरा मार्ग काढला. रावबहादूर गणेश गोविंद गोखले यांनी दिलेल्या हिंगणे येथील जागेवर झोपडी उभारून १९०० साली आश्रम तेथे हलविण्यात आला. हिंगणे त्या वेळी शहरापासून काही मैलांवरचे खेडे होते. कर्वे फर्ग्युसन महाविद्यालयात गणिताचे अध्यापक होते. शहरातील अध्यापन आणि हिंगण्याचा आश्रम ही दोन्ही कामे सांभाळण्यासाठी ते ही वाट पायी तुडवीत. अर्थात केवळ प्लेग हेच स्थलांतराचे कारण होते, असे म्हणणे एकांगी ठरेल. पुनर्विवाहित कर्व्यांवर व त्यांच्या कार्यावर शहरातील सनातनी वर्गाचा रोष होता. शहराबाहेरची शांत जागा त्या दृष्टीनेही सोयीची होती. परंतु साथीने या निर्णयाला निकड दिली, यात शंका नाही. झोपडीत सुरू झालेल्या या स्थानावरच पुढे स्त्रीशिक्षणाच्या मोठ्या संस्था उभ्या राहिल्या आणि १९१६ मध्ये महिला विद्यापीठाचा प्रारंभ झाला.

या निर्णयाचे मर्म लक्षात घेण्याजोगे आहे. 'शाळा सुरू ठेवावी की बंद करावी' हा प्रश्न कर्व्यांनी 'शाळा कोठे व कशी भरवावी' असा बदलून घेतला. मराठीत शाळा 'उघडते' तशीच ती 'भरते'ही. उघडणे ही दाराची क्रिया होय, भरणे ही माणसांची. दार बंद असूनही शाळा झाडाखाली भरू शकते. दार उघडे असूनही ती रिकामी राहू शकते. सरकारी आदेश उघडण्या-मिटण्याचीच भाषा बोलतात, कारण आदेशाची सत्ता दारावर चालते. हिंगण्याच्या उदाहरणात दाराचा प्रश्न गौण होता. तथापि या मार्गालाही किंमत होती आणि ती एका शिक्षकाने स्वतःच्या पायांनी व वेळेने चुकविली, हेही विसरता कामा नये. त्यामुळे हा मार्ग सर्व शाळांना अनुसरता येण्याजोगा होता, असे मात्र म्हणता येणार नाही.

४

प्लेग व कोविड यांच्या मध्ये १९१८ चा इन्फ्ल्युएन्झा येतो. भारतात या साथीने किमान सव्वा कोटी माणसे दगावली असावीत असा अंदाज आहे. शाळांविषयीचा सर्वांत स्पष्ट वाद मात्र त्या वर्षी अमेरिकेत झाला. तेथील बहुसंख्य शहरांनी शाळा बंद केल्या. न्यूयॉर्क व शिकागो या शहरांनी त्या चालू ठेवल्या. न्यूयॉर्कचे आरोग्याधिकारी रॉयल कोपलंड यांचा युक्तिवाद असा होता की, शहरातील सुमारे दहा लाख विद्यार्थ्यांपैकी पाऊण हिस्सा दाटीच्या चाळवजा इमारतींत राहतो. शाळेत निदान उजेड, हवा, रोजची तपासणी व परिचारिका आहेत. घरी यांपैकी काहीच नाही. त्यांच्या निर्णयाचे मूल्यमापन आजही निर्विवाद नाही. परंतु प्रश्न मांडण्याची त्यांची रीत बिनचूक होती. मूल शाळेत नसेल तेव्हा ते कोठे असेल, हे त्यांनी आधी विचारले.

पुण्यात हा प्रश्न २००९ मध्ये अल्पकाळ उद्भवला. स्वाइन फ्लूने भारतात झालेला पहिला मृत्यू ३ ऑगस्ट २००९ रोजी पुण्यात नोंदला गेला आणि मृत व्यक्ती शाळकरी मुलगी होती. शहरात भीतीची लाट उसळली व त्या महिन्यात शाळा काही दिवस बंद राहिल्या. ही सुटी थोडक्यात आटोपल्यामुळे तिच्या परिणामांचा विचार करण्याची वेळ आली नाही. साथ आली म्हणजे सर्वप्रथम शाळा बंद करावयाची, ही सवय मात्र तिने रुजविली असावी.

५

महाराष्ट्रातील कोविडचे पहिले रुग्ण ९ मार्च २०२० रोजी पुण्यातच आढळले. त्याच आठवड्यात शासनाने १८९७ च्या साथरोग अधिनियमाचाच आधार घेऊन नियम जारी केले आणि शहरी भागातील शाळा बंद झाल्या. प्रारंभी ही मुदत मार्चअखेरपर्यंत होती. नवा रोग, उपचार अज्ञात, मुलांवरील परिणाम अज्ञात. अशा स्थितीत हा निर्णय चुकीचा होता असे कोणी म्हणणार नाही. विचार करावयाचा आहे तो त्यानंतरच्या कालखंडाचा.

कालक्रम असा आहे. २३ नोव्हेंबर २०२० पासून राज्यात इयत्ता नववी ते बारावीचे वर्ग सुरू करण्यास अनुमती मिळाली व अंतिम निर्णय स्थानिक प्रशासनावर सोपविण्यात आला. शिक्षकांची चाचणी सक्तीची झाली आणि पालकांचे लेखी संमतिपत्र आवश्यक ठरले. पुणे महानगरपालिकेने तारीख दोनदा पुढे ढकलून ४ जानेवारी २०२१ रोजी हे वर्ग सुरू केले. पाचवी ते आठवीचे वर्ग १ फेब्रुवारीस सुरू झाले. महिना संपण्यापूर्वीच दुसऱ्या लाटेच्या चाहुलीने सर्व पुन्हा बंद झाले. ऑगस्ट २०२१ मध्ये शिक्षण विभागाने शाळा उघडण्याचे जाहीर केले, परंतु तज्ज्ञांच्या कृतिदलाने हरकत घेतल्यामुळे ते स्थगित झाले. ४ ऑक्टोबर २०२१ रोजी शहरातील आठवी ते बारावीचे वर्ग उघडले. प्राथमिक वर्ग पुण्यात डिसेंबरच्या मध्यावर उघडले, जानेवारी २०२२ मध्ये पुन्हा बंद झाले आणि १ फेब्रुवारी २०२२ रोजी परत सुरू झाले.

या तारखांचा अर्थ एका उदाहरणाने स्पष्ट होईल. जून २०२० मध्ये ज्या बालकाचे नाव पुण्यातील शाळेत पहिलीच्या पटावर दाखल झाले, ते वर्गात प्रथम बसले तेव्हा दुसरीचे निम्मे वर्ष सरले होते. ज्या काळात अक्षर आणि ध्वनी यांचा संबंध मनात पक्का होतो, बाराखडी बोटातून उतरते आणि घरच्या बोलीकडून पुस्तकी भाषेकडे पहिले पाऊल पडते, तो काळ शाळेविना गेला.

राज्याच्या शैक्षणिक संशोधन व प्रशिक्षण परिषदेने या काळात 'शाळा बंद, पण शिक्षण आहे' ही अभ्यासमाला चालविली. सह्याद्री वाहिनीवर 'टिलीमिली' कार्यक्रम दाखविला गेला. या प्रयत्नांमागील कळकळ निःसंशय होती. परंतु त्या घोषणेतील व्याकरण बारकाईने पाहावे. शाळा व शिक्षण ही दोन भिन्न नामे 'पण' या अव्ययाने एकमेकांपासून विलग केली आहेत, जणू पहिले दुसऱ्याचे केवळ पात्र होय. मोठ्या मुलाच्या बाबतीत हे काही अंशी खरे मानता येईल. सहा वर्षांच्या मुलाच्या बाबतीत शाळा हेच बव्हंशी शिक्षण असते. दूरध्वनीच्या काचेतून शिक्षिकेच्या ओठांची हालचाल त्याला दिसत नाही, आणि त्याची चूक तिला ऐकू येत नाही. ज्या घरी एकच फोन आणि तोही वडिलांबरोबर कामावर जाणारा, तेथे घोषणेचा उत्तरार्धही उरत नाही.

नुकसानीचे मोजमाप पुढे झाले. 'असर' या ग्रामीण भारताच्या पाहणीनुसार तिसरीतील ज्या मुलांना दुसरीचा उतारा वाचता येतो, त्यांचे प्रमाण २०१८ मध्ये २७.३ टक्के होते. २०२२ मध्ये ते २०.५ टक्क्यांवर आले.

६

हिशेबाची दुसरी बाजूही तितक्याच काटेकोरपणे पाहिली पाहिजे. शाळा बंद ठेवल्याने मुले रोगापासून किती सुरक्षित राहिली?

जुलै-ऑगस्ट २०२० मध्ये पुण्याच्या पाच प्रभागांत रक्तद्रवाची पाहणी झाली. तपासलेल्या १६६४ नमुन्यांपैकी ५१.५ टक्क्यांत प्रतिपिंडे आढळली. चाळी व झोपड्यांत हे प्रमाण ५६ ते ६२ टक्के, तर सदनिकांत सुमारे ३३ टक्के होते. या काळात शहरातील एकही शाळा भरत नव्हती. पुढे जून-जुलै २०२१ मधील राष्ट्रीय पाहणीत सहा ते नऊ वर्षांच्या मुलांपैकी ५७.२ टक्के आणि दहा ते सतरा वयोगटातील ६१.६ टक्के मुलांत प्रतिपिंडे मिळाली. याचा अर्थ असा की, देशात शाळा प्रायः बंद असतानाच निम्म्याहून अधिक मुलांपर्यंत विषाणू पोहोचला होता. कोपलंड यांनी १९१८ मध्ये विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर या आकड्यांत आहे : मूल लोहियानगरच्या दहा फुटी खोलीत होते, आणि तेथे विषाणूही होता.

यावरून शाळा बंद ठेवण्याचा काहीच उपयोग झाला नाही, असा निष्कर्ष काढणे मात्र घाईचे होईल. २०२१ च्या एप्रिल-मे महिन्यांत रुग्णालयांत खाट व प्राणवायू मिळणे दुरापास्त झाले होते. त्या आठवड्यांत हजारो मुलांची व पालकांची ये-जा थांबविणे समंजसपणाचे होते. शिक्षकांचे लसीकरण पूर्ण झाले नव्हते आणि एकत्र कुटुंबात आजी-आजोबांचा प्रश्न खरा होता. संमतिपत्रावर सही न करणाऱ्या पालकाला भित्रा म्हणणे अन्यायाचे आहे. त्याच्यापुढे घरातील वृद्धाचा चेहरा होता. साथीचे निर्णय लोकांच्या विश्वासावाचून राबवता येत नाहीत, हा धडा पुण्याने १८९७ मध्येच जबर किंमत देऊन घेतला होता.

दोष दिसतो तो क्रम ठरविण्यात. आपल्याकडे वरच्या इयत्ता आधी व लहान मुले शेवटी, असा क्रम राहिला. परीक्षा वरच्या वर्गांना होती आणि मुखपट्टीचे नियम मोठी मुले पाळतील, ही त्याची कारणे होत. डेन्मार्कने १५ एप्रिल २०२० रोजी नेमके उलट केले. तेथे बालवाड्या व खालचे वर्ग प्रथम उघडले, मुलांचे लहान गट केले व शक्य तेवढा वेळ त्यांना मोकळ्या हवेत ठेवले. लहान मुलांना गंभीर आजाराचा धोका सर्वांत कमी आणि शाळा बुडाल्याचे नुकसान सर्वांत अधिक, असा त्यामागील विचार होता. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेचे तत्कालीन महासंचालक डॉ. बलराम भार्गव यांनीही जुलै २०२१ मध्ये प्राथमिक शाळा आधी उघडणे शहाणपणाचे ठरेल असे म्हटले होते. पुण्यात प्राथमिक वर्ग त्यानंतर पाच महिन्यांनी उघडले.

तिसऱ्या मार्गाचा माग काढावयाचा तर तो शहरापेक्षा ग्रामीण महाराष्ट्रात अधिक सापडतो. जुलै २०२१ मध्ये, ज्या गावात महिनाभर एकही रुग्ण नाही तेथे सरपंचांच्या अध्यक्षतेखालील समितीने ठराव करून आठवी ते बारावीचे वर्ग सुरू करावेत, अशी व्यवस्था झाली. तत्पूर्वीच अनेक गावांत शिक्षकांनी ओट्यावर, देवळाच्या ओवरीत, झाडाखाली मुलांचे छोटे गट बसविले होते. हवेतून होणारा संसर्ग व खेळती हवा यांचे महत्त्व जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ मध्ये अधिक स्पष्ट शब्दांत मान्य केले. ओट्यावरील शिक्षकाने ते त्याआधीच आचरणात आणले होते. हिंगण्याच्या झोपडीचे व या ओट्याचे नाते येथे जुळते. दोन्ही ठिकाणी कारण पूर्ण ज्ञात नव्हते, आणि दोन्ही ठिकाणी मोकळ्या जागेनेच मार्ग दिला. शहरातही मैदाने, मंगल कार्यालये आणि वाड्यांची व सोसायट्यांची आवारे होती. शाळा तेथे भरवावी, हा विचार नियमांच्या चौकटीत मुख्यत्वे शिरला नाही, कारण ती चौकट दार उघडे की बंद एवढाच भेद ओळखत होती.

७

या विवेचनातून हाती येणारे निष्कर्ष थोडक्यात असे मांडता येतील. 'सुरक्षित' हे विशेषण मराठीत निरपेक्षपणे वापरले जात असले तरी साथीच्या काळात त्याला निरपेक्ष अर्थ उरत नाही. शाळा सुरक्षित आहे काय, हा प्रश्न अपुरा होय. कोणत्या मुलासाठी, कोणत्या घराच्या तुलनेत आणि किती काळ, ही पदे जोडल्यावाचून त्याचे उत्तर देता येत नाही. सदनिकेत स्वतंत्र खोली, संगणक व शिकलेली आई असलेल्या मुलाला आणि एका खोलीत सहा माणसांसह राहणाऱ्या मुलाला एकाच तारखेने घरी बसविणे, ही वरवर समान दिसणारी वागणूक वस्तुतः समान नव्हती.

दुसरे असे की, शाळा बंद करण्याच्या निर्णयाला कारण द्यावे लागते आणि उघडण्याच्या निर्णयाला त्याहून अधिक कारण द्यावे लागते; बंद ठेवत राहण्यास मात्र कोणी कारण विचारीत नाही. २०२० ते २०२२ या काळात पुण्यातील प्राथमिक शाळा प्रत्येक वेळी थोड्या थोड्या मुदतीने बंद राहिल्या, आणि त्या मुदतींची बेरीज कोणत्याही एका आदेशात लिहिलेली नव्हती. पुढील साथीत ही बेरीज मांडण्याचे काम आरंभापासूनच कोणाकडे तरी सोपविलेले असले पाहिजे. रुग्णसंख्येच्या रोजच्या तक्त्याशेजारी न शिकलेल्या दिवसांचा तक्ता ठेवला, तर तोलण्यासाठी निदान दोन्ही पारडी समोर येतील. जून २०२० मध्ये पहिलीच्या पटावर आलेली ती मुले आज वरच्या इयत्तांत आहेत. त्यांतील ज्यांचे वाचन अद्याप अडखळते, त्यांच्या बाबतीत हा विषय इतिहासजमा झालेला नाही.